बॉबिनच्या तोंडातला दोरा

बॉबिनच्या ओठाच्या कडेला बोटभर पांढरा दोरा लोंबत होता. कात्रीबाईने तो पाहिला आणि कापला. पाहणं आणि कापणं यांच्यामध्ये माणसं थोडा विचार ठेवतात. तेवढी जागा तिच्या हाताने कधी सोडलीच नव्हती. गळ्यातल्या नाडीला बांधलेली बोटाएवढी कात्री वर आली, कच्च झालं, तुकडा जमिनीवर पडला, कात्री परत छातीवर आपटली. मांजर आपल्या वाटेने गेलं, ही आपल्या बटणाकडे वळली.

काम अंगावर आलं होतं. एका हॉटेलच्या वेटरांचे पांढरे कोट, सगळ्यांची बटणं बदलायची आणि हॉटेलवाल्याला ते सोमवारी सकाळीच हवे. म्हणून रविवारची दुपार असूनही ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली होती. हातातलं बटण झालं तसा दोरा संपला. तिने तो कोट घडी करून टाकला, दुसरा मांडीवर घेतला आणि ओवून ठेवलेल्या दुसऱ्या सुईसाठी हात लांब केला. हाताला काही लागलं नाही.

कात्रीबाई सुई हरवणाऱ्यांतली नव्हे. सुई कधी नागडी ठेवायची नाही, ही तिची कारखान्यातली शिस्त. तिच्यात हातभर दोरा ओवलेला असलाच पाहिजे, म्हणजे सुई कुठे पडली तरी दोरा दिसतो आणि दोरा धरून सुई सापडते. खुर्चीच्या हातावर कापडाची चिमुकली उशी शिवलेली होती, तिच्यात सुई टोचलेली असायची आणि दोरा खाली लोंबत असायचा. उशी जागेवर होती. लोंबत काहीच नव्हतं.

तिने पायाशी पाहिलं. मघाचा तुकडा तिथेच पडला होता. बटणाचा जाड दोरा, मेण लावलेला. तिचाच.

तेवढ्यात पलंगाखालून आवाज आला. कोरड्या घशाने कोणी पुन्हा पुन्हा आवंढा गिळावा, आणि तो गिळला जाऊ नये, तसा.

तिला कात्रीबाई म्हणतात ते हातामुळे की तोंडामुळे, यावर गल्लीत दोन मतं आहेत. हाताचं सांगायचं तर उमेदीची सगळी वर्षं ती तयार कपड्यांच्या कारखान्यात धागे कापायला होती. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करायचा आणि कॉलर, बाही, काज, खिसा, जिथे दोऱ्याचं टोक दिसेल तिथे कच्च. दिवसभर तेच. पुढे पुढे डोळ्याने टोक टिपलं की डोक्याला न विचारता हात चालू लागला. एकदा बसमध्ये पुढे बसलेल्या माणसाच्या मानेवर धागा दिसला. त्याला वाटलं बाई गळा कापते. बस थांबली, माणसं जमली, आणि हिने त्याला कापलेला धागा दाखवून वर सुनावलं की, इस्त्री करताय तर जरा शिलाईकडेही बघत चला.

तोंडाचं प्रकरण याहून मोठं. धागे कापणाऱ्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागे. पाय सुजायचे. स्टुलं मागितली तर सुपरवायझर म्हणाला, बसलं की झोप येते. कात्रीबाईने सगळ्यांच्या देखत विचारलं, मग तुम्ही खुर्चीत बसता ते झोपायला का? दुसऱ्या दिवशी तिने मालाची रिकामी खोकी उपडी घातली आणि झाडून सगळ्या बायकांना त्यांवर बसवलं. पुढे स्टुलं आली. आली तेव्हा ही गेटाच्या बाहेर होती. तिच्या वाटणीचं स्टूल दुसऱ्याच कोणाच्या बुडाखाली गेलं. याचा तिला पस्तावा आहे का, हे विचारायच्या भानगडीत पडू नये. अंगावर येते.

पण ते वर्ष नवऱ्याच्या आजारपणाचं होतं. पगार बंद झाला त्या दिवशी सासू बोलून गेली की, तुझ्या जिभेने माझ्या पोराचं औषध तोडलं. नवरा वाचणार नव्हताच, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, पण शब्द तो शब्द. तो गेल्यावर कात्रीबाईने सासूला ठणकावलं, यापुढे माझ्याशी बोलायचं नाही. म्हातारीही काही लेचीपेची नव्हती. बरं, म्हणाली, आणि खरोखरच बोलली नाही.

दोन खोल्यांचं घर, दोन बायका, आणि भांड्यांचा आवाज. असं बरेच दिवस चाललं. मग खालच्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांच्या दुकानामागे चिंध्यांच्या पोत्यात एक पिल्लू निघालं. ते झोपलं की दोरा गुंडाळल्यासारखं गच्च गोल व्हायचं, म्हणून बॉबिन. बॉबिन वर राहायला आली आणि घराला वाचा फुटली. बॉबिन, तुझ्या आजीला सांग, चहा निवतोय. बॉबिन, तिला म्हणावं, साखर घालायला विसरलीस. बॉबिन, विचार आजीला, औषधाची गोळी घेतली की खिडकीतून टाकली? भांडणंसुद्धा तिच्यामार्फत होत. दोघींच्या मध्ये बसून ती एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायची, आणि कंटाळली की उठून जायची. ती गेली की भांडण तहकूब. तिच्या जागी दुसरं कोणी बसवून भागणार नव्हतं. ती गेली तर हे घर पुन्हा मुकं होणार, हे पलंगाखाली वाकलेल्या कात्रीबाईला सुईइतकंच लख्ख टोचलं.

तिने बॉबिनला बाहेर ओढलं. हनुवटी लाळेने ओली. पुढचा पंजा सारखा तोंडावर फिरवत होती, कोळ्याचं जाळं पुसावं तसा. कात्रीबाईने तिचा जबडा उघडून, जीभ उचलून पाहिलं आणि बदल्यात अंगठ्याला चावा बसला. दोरा दिसला नाही. दिसणार कसा? दिसणारा भाग तिनेच कापला होता.

सासू दारात येऊन उभी राहिली होती. विचारायचं कोणामार्फत, हा प्रश्न तिच्या तोंडावर दिसत होता. कात्रीबाईने मांजराकडे बघतच सांगितलं, "बॉबिन, आजीला सांग, तू बहुतेक सुई गिळलीस." कापल्याचं ती बोलली नाही. आधी सुई शोधू, ती पलंगाखाली सापडली तर बोलायचं कारणच काय, असं तिने स्वतःला पटवलं. म्हातारीने मांजर उचललं, छातीशी धरलं आणि स्वयंपाकघरात गेली.

हाक मारली तसे मास्तर लोहचुंबक घेऊन आले. जुन्या स्पीकरमधला वाटोळा चुंबक, नाडीला बांधलेला. दुकानात सुया-टाचण्या वेचायला ते तोच जमिनीवरून फिरवत. त्यांनी पलंगाखाली फिरवला, खुर्चीखाली, कोटांच्या घड्यांवरून. टाचण्या आल्या, एक हूक आला, बाटलीचं झाकण आलं, गेल्या वर्षी हरवलेली सासूची केसांची पिनही आली. ती सुई आली नाही.

मास्तर म्हणाले, "कात्रीबाई, मी काय म्हणतो, हा मांजराच्या पोटावरून एकदा फिरवून बघू का? चिकटला तर समजलं."

"चिकटला तर काय समजणार मास्तर? सुई आतून भोसकत येईल, ते समजेल. ठेवा तो खिशात."

मास्तरांनी चुंबक पाठीमागे धरला. माणूस भला, पण सल्ल्याशिवाय त्याचा हात रिकामा राहत नाही. आता त्यांचं म्हणणं असं की कोपऱ्यावर, मोठ्या रस्त्याला, जनावरांचा दवाखाना आहेच. केवढा बोर्ड, चोवीस तास तातडीची सेवा. चालत गेलं तरी पोहोचू. उचला आणि निघा.

बॉबिनला टोचणारे नेहमीचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होते, पण रविवारी त्यांचं बंद, आणि सुई काढणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतंच. तेव्हा कोपऱ्यावरचा बोर्ड ठीकच होता. पण बोर्डावर विश्वास ठेवण्याची सवय कात्रीबाईला नव्हती. कारखान्याच्या गेटावरही बोर्ड होता, कामगार हेच आमचं कुटुंब. तिने आधी फोन लावला.

पलीकडचा माणूस मधाळ बोलला. घेऊन या, बघू. ती म्हणाली, मांजराने सुई गिळलीय, दोऱ्यासकट. तो म्हणाला, या ना, बघू. एक्स-रे आहे का? आहे ना, मशीन आहे. चालवणारा आहे का? तो येईल, फोन केला की. आणि पोट उघडायची वेळ आली तर? सर्जन सर आहेत आमच्याकडे, म्हणाला.

"आहेत म्हणजे आत्ता तिथे आहेत, की तुमच्या बोर्डावर आहेत?"

तो म्हणाला, मॅडम, तुम्ही पेशंट तर आणा. तिने फोन ठेवला.

मास्तर हातवारे करून सांगत होते की अहो, जवळचं ते जवळचं, वेळ चाललाय. त्यांचं चूक नव्हतं. वेळ चाललाच होता, स्वयंपाकघरातून येणाऱ्या त्या आवंढ्यांनी तो मोजल्यासारखा ऐकू येत होता. कात्रीबाई उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. खिडकी उघडली, बंद केली. मोबाईलवर आणखी एक नंबर निघाला, जनावरांचं मोठं इस्पितळ, पण नदीपार, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रविवारची गर्दी, वर पुलाचं काम चालू. तिने तोही लावला.

तिथे एक बाई बोलली. या म्हणाली नाही. आधी विचारलं, श्वास नीट घेतेय का? धाप लागलीय का? हिरड्या कसल्या रंगाच्या दिसतात, गुलाबी की पांढऱ्या? कात्रीबाई फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि सासूच्या मांडीवरच्या बॉबिनचा ओठ उचलून पाहिला. गुलाबी. श्वास चालू. मग इकडे या, ती बाई म्हणाली. श्वास अडकत असता तर तुम्हाला सांगितलं असतं, जे पहिलं दार उघडं मिळेल तिथे शिरा. इथे एक्स-रे आहे, दुर्बीण आहे, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर आत्ता आत आहेत, एका कुत्र्याला टाके घालताहेत.

पाहिजे होतं ते न विचारता मिळालं. कात्रीबाईचा जीव पहिल्यांदा जरा खाली बसला. पण त्या बाईचे प्रश्न संपले नव्हते.

"तोंडातून दोरा बाहेर दिसतोय का? दिसत असेल तर ओढू नका, आणि कापूही नका. त्याच्यावरूनच आम्हाला सुईचा माग लागतो."

हातातला फोन कात्रीबाईने या कानावरून त्या कानाला नेला.

"आत्ता दिसत नाही," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं. सुपरवायझर असली खरी उत्तरं द्यायचे तेव्हा हीच बाई त्यांना भर खात्यात उभं करून सोलायची.

काही खाल्लंय का, त्या बाईने विचारलं. नाही, हिने सांगितलं. मग आता काही देऊ नका, पाणीसुद्धा नको. भूल द्यावी लागेल, पोट रिकामं हवं. तशीच एखादी सुई असेल तर सोबत आणा, आम्हाला मापाचा अंदाज येईल. मांजराला हातात घेऊन येऊ नका, घाबरून उडी मारतात. बंद टोपलीत घाला, वरून कापड टाका.

फोन ठेवून कात्रीबाई मोठ्याने म्हणाली, "बॉबिन, आजीला सांग, तुला आता काही द्यायचं नाही. थेंबसुद्धा नाही." स्वयंपाकघरातून एक वाटी मोरीत ठेवल्याचा आवाज आला. घाईत कात्रीबाईने त्याचा काही अर्थ लावला नाही.

टोपली कुठून आणायची? बॉबिनला आजवर नेलं ते पिशवीत घालून. मास्तर धावत जाऊन दुकानातल्या कापडाच्या दोन प्लास्टिकच्या टोपल्या घेऊन आले. एकीवर एक उपडी घालायची आणि कडा बांधायच्या, एवढंच काम. एरवी कात्रीबाईने चार टाके मारून शिवून टाकल्या असत्या. आज सुई हातात घ्यायला तिचा हात होईना. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, वरून नाडी गुंडाळली. खाली टॉवेल घातला. मग तिने तशीच सुई कागदात खोचली, तेवढाच दोरा जोडीला, नेहमीच्या डॉक्टरांचं टोचणीचं कार्ड घेतलं, ते कुठे ठेवलं म्हणून शोधलं, हातातच होतं. चपला घातल्या. वेगवेगळ्या. पुन्हा काढल्या.

आत कोंबताना बॉबिनने मास्तरांच्या मनगटावर लांबच लांब रेघ ओढली. मास्तर म्हणाले, ताकद आहे अजून, चांगली खूण आहे.

निघताना पाहते तर सासू दाराबाहेर उभी. बाहेरच्या चपला, हातात पाकीट, केस सारखे केलेले. गेले कित्येक महिने ती जिना उतरली नव्हती, गुडघ्यांचं कारण सांगून. कात्रीबाई टोपलीकडे बघून म्हणाली, बॉबिन, आजीला सांग, घरी थांबा, गुडघे दुखतील. म्हातारीने टोपलीला काही सांगितलं नाही. कठडा धरून सरळ उतरायला लागली.

टॅक्सीवाला टोपली बघून म्हणाला, जनावर सीटवर चालणार नाही. कात्रीबाई म्हणाली, सीटवर मी बसणार, ती माझ्या मांडीवर, तुझ्या सीटला तिचं नखही लागायचं नाही, आणि आता दार उघडतोस की मी उघडू? त्याने उघडलं. मास्तर रस्त्यात उभे राहून गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले. चुंबक अजून त्यांच्या हातातच होता.

पुलाच्या अलीकडे गाडी अडकली. पुढे बस, मागे बस, बाजूला एक फर्निचरचा टेम्पो, त्यावर उलटं बांधलेलं कपाट. कात्रीबाई काच खाली करायची, मान बाहेर काढून बघायची, काच वर करायची. टॅक्सीवाल्याला म्हणाली, डावीकडून काढ. तो म्हणाला, डावीकडे नदी आहे. टोपलीतून आवाज आला की तिच्या मांडीला कळायचं, आणि आवाज आला नाही की ती टोपलीला कान लावायची.

मग म्हातारीने टोपलीवरचं कापड एका बाजूने उचललं. आत तोंड घालून, हळू, पण टॅक्सीत कोणालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बॉबिन, तिला सांग... मी तुला पाव भरवलाय. दुधात बुडवून."

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं.

"काटा अडकला की आम्ही पोरांना पावाचा घास गिळायला लावायचो. घासाबरोबर खाली जातो. सांग तिला, मला वाटलं, तसंच."

कात्रीबाईचा पारा जो चढला तो टॅक्सीच्या टपाला लागला. ती बोलत सुटली. काटा आणि सुई यांतला फरक कळत नाही का, मी इकडे फोनवर घसा कोरडा करते, पोट रिकामं हवं, थेंबही नको, आणि तुम्ही तिकडे वाट्या भरताय, आणि भरवलं ते भरवलं, वर लपवलं, मघाशीच बोलला असता तर काय झालं असतं, त्या बाईला मी छातीठोक सांगितलं, काही खाल्लं नाही, मला खोटं पाडलंत. हे सगळं ती सासूच्या तोंडाकडे बघून बोलली. मध्ये मांजर नव्हतं. टॅक्सीवाल्याने आरसा दुसरीकडे वळवला.

म्हातारीने ऐकून घेतलं. एरवी एका शब्दाला चार परत करणारी. आज तिने टोपलीवरचं कापड फक्त नीट केलं आणि हात तसाच वर ठेवला, जाळीतून एक बोट आत.

"लपवलं" हा शब्द बोलून झाला आणि कात्रीबाईच्याच कानात राहिला. सोलून काढायला समोर एक म्हातारी होती, आणि म्हातारीने निदान सांगितलं तरी होतं. समोरच्या उलट्या कपाटाचं दार दोरीला हिसके देत उघडझाप करत होतं. कात्रीबाई ते बघत राहिली. मग म्हणाली, "दोरा बाहेर होता. तोंडातून."

सासूने मान वळवली.

"मी कापला. बघितलं आणि कापला. सुई आहे का पाहिलं नाही. धरून ठेवला असता तर कदाचित... आणि त्या बाईने विचारलं तर मी सांगितलं नाही."

म्हातारीने तिच्या गळ्यातल्या कात्रीकडे पाहिलं. काही लागट बोलेल, औषध तोडलं तसं काही, म्हणून कात्रीबाईने खांदे आवळून घेतले होते.

"फोन कर," सासू म्हणाली. "दोन्ही सांग. माझं आधी सांग."

तिने फोन केला. दोन्ही सांगितलं. स्वतःचं आधी सांगितलं. पलीकडच्या बाईने ना सुस्कारा टाकला ना शब्द. पाव किती, कधी, दोरा अंदाजे किती उरला असेल, एवढं विचारून घेतलं आणि म्हणाली, बरं झालं सांगितलंत, डॉक्टरांना आत्ता कळवते, भुलीची तयारी वेगळी करावी लागेल. तेवढ्यात पुढची बस हलली.

इस्पितळात पोहोचल्या तेव्हा दार उघडून एकजण उभाच होता. टोपली हातातून गेली. नाडी, चिमटे सगळं सोबत गेलं आणि कात्रीबाईचे हात एकदम रिकामे पडले. डॉक्टर तरुण होती, डोक्याला हिरवी टोपी, कपाळावर तिचा वळ. एक्स-रे झाला तशी तिने दोघींना आत बोलावून पडद्यावर दाखवला. धुरकट पोटात एक पांढरी सरळ रेघ. काळ्या कापडावर घातलेल्या एकाच टाक्यासारखी, आणि टाका इतका सफाईदार की कात्रीबाईला शरम वाटली.

डॉक्टरने सरळ सांगितलं. सुई पोटात आहे. एरवी दुर्बीण घालून तोंडावाटे काढायचा प्रयत्न केला असता, पण पोटात पाव आहे, त्यात नीट दिसणार नाही. थांबावं, तर दोरा आतड्यात पुढे सरकायला लागेल, आणि आतडं दोऱ्यावर गोळा होऊन चिरतं. तेव्हा पोट उघडायचं, आणि ते आत्ता.

कात्रीबाईने विचारलंच. दोरा कापला नसता तर?

"कदाचित वरूनच निघाली असती. कदाचित नसती. ते आता मलाही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "पण पावाचं सांगितलं नसतंत, तर भूल देताना ते उलटून फुप्फुसात गेलं असतं. मग सुईपर्यंत पोहोचलेच नसते मी." आणि ती आत गेली.

बाहेर बाकं होती. एका बाकावर एक माणूस मांडीवर रिकामा पट्टा घेऊन बसला होता. बहुधा त्या टाके घातलेल्या कुत्र्याचा. कात्रीबाई बसेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची, मागे फिरायची. भिंतीवरच्या खिळ्यात कापसाचा धागा अडकला होता. हात गेला, निम्म्यात थांबला, परत आला. दुसऱ्या फेरीला पुन्हा गेला, पुन्हा आला. सासू बाकावरून ते सगळं बघत होती. तिच्या शेजारी बाकावर मांजर मावेल एवढी जागा होती, आणि एकमेकींना काही सांगायचं ते मध्ये बसलेल्या बॉबिनकडे बघून सांगायची सवय दोघींनाही झालेली. जागा रिकामी होती.

म्हातारीने घसा खाकरला. एकदा, दोनदा. बोलायचा रस्ता जुना, वापरात नसलेला, त्यावरून पाऊल टाकावं तशी ती बोलली.

"चहा घेशील का?"

कात्रीबाई थांबली.

"तुम्ही घेणार असाल तर," ती म्हणाली.

मशीनचा चहा गोड मिट्ट निघाला. दोघींनी तो तोंड वाकडं करून संपवला, आणि साखरेवर कोणी काही बोललं नाही. कप रिकामे झाले तरी हातातच होते. आतलं दार दोनदा उघडलं, दोनदा दुसऱ्याच कोणासाठी. तिसऱ्यांदा डॉक्टर आली, टोपी हातात. पहिलं वाक्य तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, मांजर ठीक आहे. मग काचेच्या बशीत सुई दाखवली, मागे दोऱ्याची ओली शेपटी. ओवलेली होती तशीच ओवलेली. हवीय का, तिने विचारलं. कात्रीबाई नको म्हणाली. सासू म्हणाली, द्या, आणि कागदात गुंडाळून पाकिटात ठेवली. कशाला, ते तिने सांगितलं नाही.

बॉबिन घरी आली तेव्हा तिच्या गळ्यात प्लास्टिकचा कर्णा होता आणि पोटाचे केस तासलेले. त्या गुलाबी चामडीवर टाक्यांची रांग, आणि प्रत्येक टाक्याच्या गाठीला काळ्या दोऱ्याची दोन-दोन टोकं, मुद्दाम ठेवलेली, ताठ, वर आलेली. ती टोकं तशीच राहू द्यायची, डॉक्टरने दोनदा बजावलं होतं. काढायला आणाल तेव्हा आम्हाला तीच धरायची असतात. ओढायचं नाही. कापायचं नाही.

कात्रीबाईने मांजर पलंगावर निजवलं. कोटांचा ढीग तसाच पडला होता, हॉटेलवाल्याचे फोन येऊन गेले होते, त्याला ती काय बोलायचं ते बोलली होती. ती बॉबिनशेजारी टेकली. डोळ्यांनी टोकं टिपली. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी. उजव्या हाताला काय झालं ते तिला वरून दिसलं. तो उठला होता. गळ्यातली कात्री त्यात आलेली होती, दोन पाती उघडी.

तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. नाडी डोक्यावरून काढली आणि कात्रीसकट सासूपुढे केली.

"ठेवा तुमच्याकडे. टाके निघेपर्यंत."

म्हातारीने कात्री उलटीपालटी करून पाहिली, धार अंगठ्याने तपासली आणि नाडी स्वतःच्या गळ्यात घातली.

"बटणाचे दोरे कशाने तोडणार?"

"दाताने."

"हवी असली तर मला माग," सासू म्हणाली. "तिला मध्ये घालू नकोस. ती आजारी आहे."

कात्रीबाईने कोट मांडीवर ओढला आणि सुई ओवली. बॉबिनने कर्ण्यातून एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तिला कोणी काहीच सांगायला सांगत नाही म्हटल्यावर डोळे मिटले.